फँटम सिंगर

'फँटम सिंगर' ही दक्षिण कोरियातील जेटीबीसी या दूरचित्रवाणी वाहिनीवरील गायनस्पर्धा आहे. तिचा पहिला भाग ११ नोव्हेंबर २०१६ रोजी प्रसारित झाला. या स्पर्धेचा उद्देश एक सर्वोत्तम गायक निवडणे हा नसून चार पुरुष गायकांचा एक सहगायन-गट घडवणे हा आहे. ऑपेरा, संगीत रंगभूमी, पॉप, रॉक आणि कोरियन पारंपरिक गायन अशा निरनिराळ्या परंपरांतील स्पर्धक तिच्यात एकेकटे प्रवेश घेतात आणि अंतिम फेरीत चौघांच्या गटाचे सदस्य म्हणून उभे राहतात. अशा मिश्र शैलीच्या गायनाला 'क्रॉसओव्हर' म्हणतात.

या रचनेमुळे स्पर्धकांचे परस्परसंबंध हा कार्यक्रमाचा गाभा ठरतो. एका फेरीतील प्रतिस्पर्धी पुढच्या फेरीत सहगायक होतो आणि आजचा सहगायक उद्या दुसऱ्या गटातून समोर उभा राहू शकतो. दुसऱ्याचा आवाज ऐकून त्यात आपला आवाज मिसळण्याची क्षमता ज्याच्यापाशी नाही, त्याला केवळ उत्तम कंठाच्या बळावर येथे अखेरपर्यंत पोहोचणे कठीण जाते. या स्पर्धेत जुळलेली अनेक नाती स्पर्धा संपल्यावरही व्यावसायिक गटांच्या रूपाने टिकून राहिली.

पार्श्वभूमी

दक्षिण कोरियात दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धांची मोठी लाट २००९ साली एमनेट वाहिनीवर सुरू झालेल्या 'सुपरस्टार के' या कार्यक्रमाने आणली. देशभरातून आलेल्या हौशी गायकांतून एक विजेता निवडणे, हे तिचे सूत्र होते. या स्पर्धांत स्पर्धकांमधील भांडणे, अश्रू आणि मत्सर यांना संपादनातून उठाव दिला जातो, अशी तक्रार लवकरच होऊ लागली. त्यासाठी कोरियन भाषेत 'अक्मा-ए प्यनजिप', म्हणजे 'सैतानाचे संपादन', असा शब्दप्रयोग रूढ झाला. २०११ च्या तिसऱ्या पर्वात एका बँडने आपले चित्रण विपर्यस्त केल्याचा आरोप करून स्पर्धेतून माघार घेतली, तेव्हा या शब्दप्रयोगाची विशेष चर्चा झाली.

त्याच पर्वाने सहकार्याचेही एक ठळक उदाहरण घालून दिले. नोव्हेंबर २०११ मध्ये विजेता ठरलेला 'उलाला सेशन' हा अनेक वर्षे एकत्र गाणाऱ्या आणि नाचणाऱ्या मित्रांचा चमू होता. त्यांचा म्होरक्या इम युन-थेक याला जठराचा कर्करोग झालेला होता आणि स्पर्धेच्या काळातही त्याच्यावर उपचार चालू होते. त्याच्या तब्येतीचा अंदाज घेत इतर सदस्यांनी गाण्यांची आणि नृत्याची मांडणी सांभाळली. विजयानंतर सव्वा वर्षाने, ११ फेब्रुवारी २०१३ रोजी, त्याचे निधन झाले. एकट्या गायकासाठी आखलेल्या स्पर्धेत मित्रांच्या गटाने मिळवलेला हा विजय पुढील काळात वारंवार आठवला गेला.

'फँटम सिंगर'ला आणखी एक पार्श्वभूमी युरोपीय क्रॉसओव्हर गटांची होती. २००४ साली पहिला ध्वनिमुद्रिका-संच प्रसिद्ध करणारा 'इल दिवो' हा चौघांचा गट आणि २०१५ साली इटलीतील सानरेमो महोत्सव जिंकणारे 'इल व्होलो' हे त्रिकूट कोरियन श्रोत्यांना परिचित होते. कोरियातील संगीत महाविद्यालयांतून दरवर्षी पाश्चात्त्य अभिजात गायनाचे शिक्षण घेतलेले अनेक तरुण बाहेर पडतात; परंतु ऑपेरागृहांतील संधी मोजक्याच असतात. अशा गायकांना व्यापक श्रोतृवर्ग मिळवून देणारे व्यासपीठ म्हणूनही या कार्यक्रमाकडे पाहिले जाते.

स्पर्धेचे स्वरूप

फेऱ्यांचे तपशील पर्वागणिक थोडेफार बदलले असले, तरी मूळ रचना पुढीलप्रमाणे राहिली आहे.

• प्राथमिक चाचणी : प्रत्येक स्पर्धक एकटा गातो. परीक्षक त्याच्या आवाजाचा पोत, पल्ला आणि इतरांशी जुळण्याची शक्यता पाहतात.
• एकास एक सामना : दोन स्पर्धक एकमेकांविरुद्ध उभे राहतात.
• दोघांचे गायन : स्पर्धकांच्या जोड्या तयार होतात आणि जोडीविरुद्ध जोडी असा सामना होतो.
• तिघांचे गायन : जोड्यांमध्ये तिसरा आवाज सामील होतो.
• चौघांचे गायन : गट पुन्हा बांधले जातात. या टप्प्यावर गटांची फेररचना एकाहून अधिक वेळा होऊ शकते.
• अंतिम फेरी : उरलेल्या १२ स्पर्धकांचे चौघांचे तीन गट होतात. विजेता ठरवण्यात प्रेक्षकांच्या मतांचा मोठा वाटा असतो.

पहिल्या पर्वाच्या परीक्षकांत संगीतकार युन जोंग-शिन आणि युन सांग, संगीत रंगभूमीवरील संगीतदिग्दर्शिका किम मून-जंग, अभिनेता-गायक मायकेल ली, ऑपेरा गायक सोन हे-सू आणि गायिका बादा यांचा समावेश होता. परीक्षकही निरनिराळ्या परंपरांतून आलेले असल्यामुळे एकाच गाण्याकडे पाहण्याच्या त्यांच्या कसोट्या वेगळ्या असत आणि त्यांच्यातील मतभेद प्रेक्षकांसमोर येत.

या रचनेतील सर्वांत कठीण भाग म्हणजे बाद होण्याची पद्धत. गाणे गटाने गायले, तरी बाद मात्र व्यक्ती होते. पराभूत किंवा खालच्या क्रमांकाच्या गटांतून कोण जाणार याचा निर्णय परीक्षक घेतात. त्यामुळे एकत्र सराव केलेल्या दोघांपैकी एक पुढे जातो आणि दुसरा घरी परततो, असे प्रसंग घडतात. पुढे जाणाऱ्याला त्यानंतर लगेच नव्या जोडीदारांबरोबर नवे गाणे उभे करावे लागते.

सहगायनाचे तंत्र

सहगायनातील सहकार्य ही केवळ सौजन्याची बाब नाही. ती प्रथम तांत्रिक गरज आहे. भारतीय रागसंगीतात एका वेळी एकच स्वरधारा प्रधान असते. पाश्चात्त्य सहगायनात मात्र चार गायक एकाच क्षणी चार वेगवेगळे स्वर लावतात आणि त्यांच्या मेळातून 'हार्मनी' म्हणजे स्वरसंवाद निर्माण होतो. सर्वांत खालचा आवाज 'बास', मधला 'बॅरिटोन' आणि वरचा 'टेनर' या नावांनी ओळखला जातो. स्त्रीस्वराच्या उंचीवर गाणाऱ्या पुरुषाला 'काउंटरटेनर' म्हणतात. यांपैकी एकाचा स्वर किंचित ढळला, तरी चौघांचेही गाणे बिघडते.

अडचण अशी की या स्पर्धेतील गायकांची घडण परस्परविरोधी असते. ऑपेरा गायकाचे शिक्षण ध्वनिक्षेपकाविना, वाद्यवृंदाच्या वर आपला आवाज सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवण्यासाठी झालेले असते. पॉप गायक ध्वनिक्षेपक ओठांजवळ धरून श्वासाचा स्पर्शही ऐकू येईल असे गातो. संगीत रंगभूमीवरील नट स्वराइतकेच महत्त्व शब्दोच्चाराला आणि अभिनयाला देतो. हे तिघे एका गाण्यात आले की पहिल्याला आवाज आणि स्वरकंप आवरावा लागतो, दुसऱ्याला श्वासाचा आधार वाढवावा लागतो आणि तिसऱ्याला एकट्याच्या भावाविष्कारापेक्षा गटाच्या लयीकडे लक्ष द्यावे लागते.

त्याशिवाय श्वास कोठे घ्यायचा, एखादा स्वर किती उघडा उच्चारायचा, ओळीचा शेवट सर्वांनी एकाच क्षणी कसा तोडायचा, हे सर्व सरावात ठरवावे लागते. गाणी कोरियनबरोबर इटालियन, स्पॅनिश, इंग्रजी आदी भाषांतील असल्यामुळे ज्याला ती भाषा येते तो इतरांचे उच्चार सुधारतो. सर्वांत नाजूक प्रश्न मुख्य चाल कोणी गायची हा असतो. चाल गाणाऱ्याकडे परीक्षकांचे लक्ष जाते. आधारस्वर देणारा बहुधा दुर्लक्षित राहतो. तरीही आधारस्वर खंबीर नसेल तर चाल उठून दिसत नाही. स्वतःचे अस्तित्व पणाला लागलेले असताना गाण्यातील उठावाची जागा सहगायकाला देणे, ही या स्पर्धेतील सहकार्याची खरी कसोटी ठरते.

संबोधने आणि वयाचा मान

कोरियन समाजात वयाच्या अंतराला भाषेतच स्थान आहे. पुरुष आपल्यापेक्षा मोठ्या पुरुषाला 'ह्यंग' असे संबोधतो. हे संबोधन मराठीतील 'दादा'च्या जवळचे आहे. वयाने लहान असलेल्याला 'दोंगसेंग' आणि गटातील सर्वांत धाकट्याला 'मांगने' म्हणतात. प्रथमच भेटलेले स्पर्धक आधी औपचारिक, आदरार्थी भाषेत बोलतात आणि जवळीक वाढल्यावर परस्परसंमतीने साध्या बोलण्यावर येतात. हा बदल कोरियन प्रेक्षकांना मैत्री जुळल्याची खूण म्हणून चटकन जाणवतो. अनुवादित उपशीर्षकांत तो बहुधा हरवतो.

गायनगटात मात्र वयाचा मान आणि संगीतातील अधिकार एकाच व्यक्तीकडे असतील असे नाही. अनेकदा धाकट्याचे स्वरशिक्षण अधिक पक्के असते, किंवा मोठ्याला परक्या भाषेतील उच्चार त्याच्याकडून शिकावे लागतात. मान राखून दुरुस्ती सुचवणे आणि कमीपणा न मानता ती स्वीकारणे, हे दोन्ही अशा गटांत आवश्यक असते.

पर्वे आणि अंतिम गट

• पहिले पर्व (नोव्हेंबर २०१६ ते जानेवारी २०१७) : विजेता 'फोर्ते दि क्वात्रो' (को हून-जंग, किम ह्यन-सू, सोन थे-जिन, ली ब्योरी). इतर अंतिम गट 'इन्गी ह्यनसांग' आणि 'ह्युंगस्प्रेसो'.
• दुसरे पर्व (ऑगस्ट ते नोव्हेंबर २०१७) : विजेता 'फॉरेस्टेला' (बे दू-हून, कांग ह्यंग-हो, चो मिन-ग्यू, को ऊ-रिम). इतर अंतिम गट 'मिराक्लास' आणि 'एडेल राइनक्लांग'.
• तिसरे पर्व (एप्रिल ते जुलै २०२०) : विजेता 'ला पोएम' (यू चे-हून, चोई संग-हून, पार्क की-हून, जंग मिन-संग). इतर अंतिम गट 'राबिडन्स' आणि 'लेत्तेआमोर'.
• चौथे पर्व (मार्च ते जून २०२३) : विजेता 'लिबेलान्ते' (किम जी-हून, जिन वन, जंग सुंग-वन, नो ह्यन-ऊ). इतर अंतिम गट 'फोर्तेना' आणि 'क्रेझल'.

२०२१ च्या पूर्वार्धात पहिल्या तीन पर्वांतील नऊही अंतिम गटांना एकत्र आणणारे 'फँटम सिंगर ऑल स्टार' हे विशेष पर्व प्रसारित झाले. पराभूत गटही तोपर्यंत विखुरले नव्हते, ही गोष्ट त्यातून स्पष्ट झाली.

उल्लेखनीय गट

इन्गी ह्यनसांग : पहिल्या पर्वातील उपविजेत्या गटाचे नाव लक्षणीय आहे. बेक इन-थे, यू सुल-गी, क्वाक दोंग-ह्यन आणि पार्क सांग-दोन या चौघांच्या नावांतील एकेक अक्षर घेऊन ते बनवले आहे. 'इन', 'गी', 'ह्यन' आणि 'सांग' ही अक्षरे जोडली की कोरियन भाषेत 'लोकप्रियतेची घटना' अशा अर्थाचा शब्द तयार होतो. यांपैकी बेक इन-थे आणि यू सुल-गी हे दोघे टेनर हान्यांग विद्यापीठात गायन शिकलेले जुने मित्र होत. दोघांच्या गायनाच्या फेरीत त्यांनी 'इल व्होलो'चे 'ग्रांदे आमोरे' हे इटालियन गीत गायले आणि ते फार गाजले. एकाच आवाजप्रकाराचे दोन गायक एकमेकांना झाकोळण्याचा धोका असतो. या दोघांनी चढत्या ओळी आळीपाळीने वाटून घेऊन त्या साम्याचाच उपयोग करून घेतला. पुढे त्यांनी 'दुएत्तो' या नावाने जोडी म्हणून व्यावसायिक वाटचाल सुरू केली.

फॉरेस्टेला : 'अरण्य' आणि 'तारा' या अर्थांच्या शब्दांपासून बनलेले हे नाव आहे. बे दू-हून हा संगीत रंगभूमीवरील नट, चो मिन-ग्यू हा टेनर, को ऊ-रिम हा बास, तर कांग ह्यंग-हो हा रसायन उद्योगातील नोकरदार होता. कांगने गायनाचे विद्यापीठीय शिक्षण घेतलेले नव्हते. प्राथमिक चाचणीत त्याने 'द फँटम ऑफ द ऑपेरा'मधील नायक आणि नायिका या दोघांच्या ओळी स्वतःच गाऊन दाखवल्या आणि लक्ष वेधून घेतले. सर्वांत मोठा बे आणि सर्वांत धाकटा को यांच्या वयांत नऊ वर्षांचे अंतर आहे. खोल बासपासून स्त्रीस्वरापर्यंतचा गटाचा पल्ला कोणा एकाचा नसून चौघांच्या बेरजेतून आला आहे. स्पर्धेनंतर केबीएस वाहिनीवरील 'इम्मॉर्टल साँग्ज' या कार्यक्रमातील सादरीकरणांमुळे गटाची कीर्ती वाढली.

राबिडन्स : तिसऱ्या पर्वातील या उपविजेत्या गटात टेनर जॉन नो, बास किम बा-उल, रंगभूमीवरील गायक ह्वांग गन-हा आणि पान्सोरी गायक को यंग-यल हे एकत्र आले. पान्सोरी हा एक गायक आणि एक ढोलवादक यांनी सादर करावयाचा कोरियन कथागायनाचा प्रकार असून युनेस्कोने त्याला मानवतेच्या अमूर्त वारशात स्थान दिले आहे. त्यातील घोगरा, ताणलेला आवाज आणि ऑपेराचा गोलाई असलेला आवाज यांचे सौंदर्याचे आदर्श परस्परांपासून दूर आहेत. जॉन नो आणि को यंग-यल यांनी दोघांच्या फेरीत एक क्यूबन गीत निवडले. ते दोघांच्याही परंपरेबाहेरचे असल्याने कोणा एकाला दुसऱ्याच्या अंगणात जाऊन गावे लागले नाही. पुढे हा गट कोरियन लोकगीताकडेही वळला आणि तेथे पान्सोरीच्या वळणाने इतर तिघांना वाट दाखवली. चौथ्या पर्वातील 'क्रेझल' गटातही पान्सोरी गायक किम सू-इन आणि पॉप गट 'पेंटागॉन'चा सदस्य चो जिन-हो एकत्र गायले.

ला पोएम : या गटातील चौघेही अभिजात गायनाचे शिक्षण घेतलेले आहेत. दोन टेनर, एक बॅरिटोन आणि काउंटरटेनर चोई संग-हून अशी त्याची बांधणी आहे. येथे शैलींची भिन्नता कमी असल्यामुळे चार ताकदवान आवाजांपैकी कोणी केव्हा मागे राहायचे, हा संयमाचा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरला.

मर्यादा आणि टीका

स्पर्धकांमधील स्नेह कार्यक्रमात दिसतो तो संपादित स्वरूपात, ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. भांडणे ठळक करणारे संपादन जसे असते, तसे मैत्री ठळक करणारेही असू शकते. कित्येक तासांच्या सरावातून पडद्यावर काही मिनिटेच येतात आणि त्यांतील मतभेद किंवा मनस्ताप किती गाळला गेला, हे प्रेक्षकाला कळत नाही. मैत्री खरी होती की नाही याचा अधिक विश्वासार्ह पुरावा कॅमेरे निघून गेल्यानंतरच्या वर्षांत शोधावा लागतो.

गटबांधणीतही अन्यायाची जागा राहते. ज्याचा आवाज चांगला आहे, पण कोणत्याही रिकाम्या जागेत बसत नाही, असा गायक मागे पडू शकतो. विशेषतः बास आवाजाचे गायक मोजके असल्याने त्यांना मागणी असते. टेनर अधिक असल्याने त्यांच्यात चुरस असते. कोणाला कोणाबरोबर गावेसे वाटते हे उघड होते, तेव्हा ज्याला कोणी निवडत नाही त्याची अवस्था अवघड होते. शिवाय चारही पर्वांत केवळ पुरुषांनाच प्रवेश असल्याने स्त्रीगायिका या संधीपासून दूर राहिल्या.

स्पर्धेनंतर

अंतिम फेरीनंतर प्रत्येक गटापुढे एकच प्रश्न उभा राहतो : स्पर्धेच्या गरजेतून जुळलेले चौघे ती गरज संपल्यावर एकत्र का राहावेत? काही गायक ऑपेरा किंवा रंगभूमीकडे परतले आणि गटाचे कार्यक्रम त्या सोयीने होऊ लागले. काहींनी स्वतंत्र वाटाही शोधल्या. 'फोर्ते दि क्वात्रो'चा सोन थे-जिन याने २०२३ साली एमबीएन वाहिनीवरील 'ट्रॉट' या लोकप्रिय कोरियन गीतप्रकाराची स्पर्धा जिंकली आणि एकल गायक म्हणून नवा श्रोतृवर्ग मिळवला.

दक्षिण कोरियातील सक्तीची लष्करी सेवा ही पुरुषांच्या गटांपुढील आणखी एक अडचण आहे. 'फॉरेस्टेला'चा सर्वांत धाकटा सदस्य को ऊ-रिम नोव्हेंबर २०२३ मध्ये सैन्यात दाखल झाला. त्याच्या जागी दुसरा बास गायक न घेता उरलेल्या तिघांनी १८ महिने त्रिकूट म्हणून कार्यक्रम केले. खालचा आधारस्वर नसताना चौघांसाठी बांधलेल्या रचना तिघांसाठी पुन्हा बांधाव्या लागतात. मे २०२५ मध्ये सेवा पूर्ण करून को ऊ-रिम परतला आणि गट पुन्हा चौघांचा झाला.

'फँटम सिंगर'च्या धर्तीवर जेटीबीसीने २०१९ साली 'सुपरबँड' ही वादकांची स्पर्धा सुरू केली. तिच्यातही एकेकटे आलेले कलावंत फेरीगणिक निरनिराळ्या गटांत वाजवतात आणि शेवटी बँड म्हणून स्पर्धा करतात. पहिल्या पर्वाच्या विजेत्या 'होप्पिपोला' या बँडमध्ये गायकांच्या आणि गिटारवादकाच्या जोडीला अभिजात शिक्षण घेतलेला चेलोवादक होता.